कागदात नसलेली आजी

२० जुलै, रविवार

रुचिका,

पूर्वी तुला पत्र लिहायची वेळ आली असती तर 'चि. सौ.' लिहिलं असतं. आता 'सौ.' लिहावं तर ते कोर्टाने काढून घेतलंय, आणि नुसतं 'चि.' लिहावं तर तू म्हणशील, म्हातारी मला लहान लेकरू समजते. म्हणून फक्त नाव. आशीर्वाद मात्र पहिल्यासारखेच आहेत, त्यांच्यावर अजून कोणी अर्ज केलेला नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागदावर आले. मी दहा वर्षं सरपंच होते. कलेक्टरला पत्रावर पत्र लिहून नाल्यावर पूल आणलाय. एका पोरीला पत्र लिहायला मी कचरेन असं तुला वाटलं असेल, तर आमच्या घरात राहून तू मला ओळखलंच नाहीस.

कालचं सांगते. तू तिथे होतीस, पण तू दाराच्या आतून पाहिलंस, मी बाहेरून.

ऑर्डरीप्रमाणे लीलाधरने महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी गोंदियाच्या कोर्टात यायचं आणि तिथल्या मुलांच्या खोलीत टिंकूला दोन तास भेटायचं. माझा लेक रायपूरला ट्रान्सपोर्टच्या नोकरीवर गेला तेव्हापासून त्याचे शनिवार बुडत चाललेत. तू मात्र दर वेळी पोरीची वेणी घालून तिला आणतेस, तिथे बसवून ठेवतेस आणि परत नेतेस. आपल्या गावचा एक जण तारखेला गेला होता, त्याने हे सांगितलं. मला इतकी लाज वाटली की त्याला चहाही विचारला नाही. मग ठरवलं, बाप येत नाही तर आजी जाईल. धानाची रोवणी भरात होती, बांधीत रोवणाऱ्या बायका होत्या. तुझ्या सासऱ्यांना, म्हणजे टिंकूच्या आजोबांना (माझी जीभ अजून वळत नाही), बांधावर उभं केलं, कोचईच्या पानांच्या पातोड्या डब्यात घातल्या आणि सकाळची बस धरली.

तिथल्या बाबूने ऑर्डर काढून वाचली. म्हणाला, "माताजी, इसमें पिता का नाम है. तुमचं नाव नाही."

मी म्हटलं, "त्या पित्याची माय आहो मी."

"ते बरोबर आहे, पण कागदात नाही. क्या करें?"

भला माणूस होता, त्याच्यावर राग नाही. पण दाराला काच होती, आणि काचेतून टिंकूने मला पाहिलं. धावत आली. खोलीतल्या बाईने तिचा हात धरला, तरी तिने दार ढकलून विचारलंच, "आजी, आज तुझी तारीख आहे काय?"

रुचिका, आठ वर्षांच्या पोरीला वाटतं की आपल्या माणसाला भेटायला तारीख लागते. मी डबा त्या बाईच्या हातात दिला आणि निघाले. मी गोरेगाव येईपर्यंत बसमध्ये रडले, शेजारची बाई विचारायला लागली तेव्हा डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही.

आता कामाचं बोलते. तुमची ऑर्डर मी कालपासून तीनदा वाचली. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग बापाकडे, दुसरा आईकडे, आणि बापाने स्वतः येऊन मुलीला घेऊन जायचं. मागच्या दिवाळीला बाप घ्यायला आला नाही, म्हणून पोरगी आली नाही. ते एक झालं. दुसरं असं की लक्ष्मीपूजन कोणाकडे यावर दोन्हीकडचे वकील दोन तारखा भांडले. मंडईचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. आपल्या गावची मंडई भाऊबीज झाल्यावर शनिवारी, म्हणजे तुझ्या वाट्यात. वकील नागपूरचे, त्यांना मंडई म्हणजे भाजीची वाटते. पण आपण तर इथलेच ना? तू, मी, लीलाधर, तुझे बाबा, सगळे कोर्टातल्या बाकावर बसलो होतो. दिवाळीला घरी दिवे लागतात, पण माणसं जमतात ती मंडईला. गावच्या लेकी येतात, दंडारीचा खेळ नाचतात, रात्री नाटक होतं. ती दर वर्षी असतेच, म्हणून ती कागदात लिहून घ्यावी असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

टिंकू मंडईला गावात पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी मिळवणार आहे. कसं, ते ग्रामसभा झाली की लिहीन.

पुष्पाबाई


२४ ऑगस्ट, रविवार

रुचिका,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. 'पुष्पाबाई' म्हणून सुरुवात केलीस, बरं केलंस, नाव तरी लक्षात आहे. पत्रं पाठवू नका म्हणतेस आणि पाकिटावर पिनकोडसकट पत्ता लिहून पाठवतेस. मग मी पाठवणारच.

शेवटच्या ओळीत लिहिलंस, 'आधी मुलाला पोटगी भरायला सांगा, मग भेटीचं बोला.' रागावणार नाही, कारण तुझं खरं आहे. मी सांगितलं. तो म्हणतो, ती पोरीला भेटू देत नाही तर कशाचे पैसे? मी म्हटलं, तू भेटायला गेलास कधी? तुमचं दोघांचं असं आहे की तो पैसे अडवतो, आता तू भेट अडवायला निघालीस, आणि मधे जी उभी आहे तिला दोन्ही लागतात.

ग्रामसभेचं ऐक. पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर सभा बसली. पाणीपुरवठा झाला, घरकुलाच्या याद्या झाल्या, मग मी उठले. म्हटलं, मला एक ठराव मांडायचा आहे, तलाक झालेल्यांच्या लेकरांबद्दल. तशी पुढच्या रांगेत बसलेल्या भैयाजींनी मान वर केली.

"काऊन वो पुष्पाबाई, घरचं भांडण आता ग्रामसभेत आणून राहिली काय?"

मी म्हटलं, "भैयाजी, तुमच्या म्हशीचं भांडण या सभेनं तीन वेळा ऐकलं. माझ्या नातीचं एकदा ऐका."

लोक हसले. भैयाजीही हसले, माणूस मनाने वाईट नाही. ग्रामसेवक नवीन पोरगा आहे, तो म्हणाला हा विषय ग्रामसभेच्या अखत्यारीत येत नाही. मी म्हटलं, कायदा करणं अखत्यारीत नाही, मागणं आहे, तू लिही. त्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की मुलांच्या ताब्याचा जो कायदा कोर्टात चालतो तो १८९० सालचा आहे. इंग्रजांच्या वेळचा. सभेत कोणीतरी म्हणालं, तेव्हा आपल्या गावाले रस्ता बी नव्हता. मला वाटलं, झालं आपलं काम.

मी ठराव घरूनच लिहून नेला होता. घटस्फोटानंतर नातवंडांना भेटण्याचा हक्क आजी-आजोबांना कायद्याने मिळावा. एकच ओळ, स्वच्छ. हात वर करा म्हणणार तोच बायकांमधून दुर्गेश्वरी उठली. वच्छलाची लेक, तुला आठवत असेल, तुझ्या हळदीला तीच नाचली होती. दोन वर्षांपासून पोराला घेऊन माहेरी आहे.

ती म्हणाली, "मावशी, तुमी चांगल्या आहा. माझी सासू नाई. तिले हा हक्क भेटला त ते उद्या जीप घेऊन येईन अना पोराले उचलून नेईन. मंग मी कोणाच्या ग्रामसभेत जाऊ?"

सगळी सभा माझ्याकडे पाहायला लागली. त्या पोरीने हे हात जोडून विचारलं होतं. मी माझा कागद पाहिला. त्यात आजी होती, आजोबा होते, हक्क होता, कायदा होता. लेकराला काय पाहिजे ते कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, "मंग तू सांग, कसं लिहायचं?"

मग तिने सांगितलं आणि बाकीच्या बायकांनी भर घातली. ग्रामसेवकाला लिहिता लिहिता घाम फुटला. ठराव आता असा आहे, की आपल्या माणसांना भेटायचा हक्क लेकराचा राहील. कोण भेटेल, कुठे भेटेल, ते लेकराला विचारून आणि त्याला जो सांभाळतो त्याला विचारून ठरावं. भेट कोर्टात होऊ नये, घरी व्हावी, शाळेत व्हावी, अंगणवाडीत व्हावी. पोटगी बापाच्या पगारातून परस्पर यावी, म्हणजे आईला दर महिन्याला हात पसरावा लागणार नाही. आणि भेट झाली नाही म्हणून पोटगी थांबू नये, पोटगी आली नाही म्हणून भेट थांबू नये. हे शेवटचं मी घातलं. भैयाजींनी पहिला हात वर केला.

ठराव पंचायत समितीला गेला, तिथून पुढे जाईल. मुंबईपर्यंत पोचायला किती दिवस लागतील माहीत नाही, पण पुलालाही सहा वर्षं लागली होती आणि तो आज उभा आहे. मंडईला मात्र तेवढा वेळ नाही. त्यासाठी तू आणि लीलाधर मिळून कोर्टात एक अर्ज दिला तर पुरे.

लीलाधर पोळ्याला आला होता. एक दिवस राहिला. काही कागद ठेवून गेलाय, त्याचं नंतर लिहीन.

तुझी नाईट ड्युटी अजून असते काय? तेव्हा टिंकू कोणाजवळ झोपते? सहज विचारते.

पुष्पाबाई


१५ सप्टेंबर

रुचिका,

तू नंबर उघडलास, एकच वाक्य बोललीस आणि फोन ठेवलास. "नाईट ड्युटीचं याच्यासाठी विचारलं होतं काय?" मला उत्तर द्यायला वेळ दिला नाहीस. ते आता देते, आणि काही लपवणार नाही.

तुझ्या हातात जो अर्ज पडला तो मी पोळ्याच्या दिवशीच वाचला होता. लीलाधरने वकिलाकडून लिहून आणला होता. की आई रात्रपाळी करते, मुलगी शेजाऱ्यांकडे असते, मुलीची आबाळ होते, म्हणून ताबा वडिलांकडे द्यावा. आणि खाली असं, की अर्जदाराची आई माजी सरपंच असून घरी मोठी जागा आहे, ती मुलीचा पूर्ण सांभाळ करण्यास तयार आहे. सोबत माझं प्रतिज्ञापत्र होतं, सही करायला. जुलैत मी कागदात माझं नाव शोधत होते. आता नाव आलं होतं, आणि ते या कामासाठी.

तुझा प्रश्न मी अर्जासाठी विचारला नव्हता, अर्ज वाचल्यावर विचारला होता. यात फरक आहे. पण तुझ्या जागी मी असते तर मलाही तो दिसला नसता.

सही मी केली नाही. पण कागद फाडलाही नाही, हेही लिहिते. तो देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवला होता आणि रोज सकाळी दिवा लावताना दिसत होता. कारण त्यातली शेवटची ओळ खरी होती. मी तयार आहे. टिंकूची शाळा इथे, तिचं दप्तर त्या खुंटीला, ती सकाळी अंगणात दात घासते आहे, असं रोज डोळ्यापुढे येत होतं. एक सही केली की हे सगळं मला मिळालं असतं. लीलाधरला काय मिळालं असतं तेही मला कळतं. तो रायपूरला, पोरगी माझ्याजवळ, आणि पोटगी बंद. माझ्याच पोटचा आहे, त्याचा हिशेब मला समजायला वकील लागत नाही. तरी मी कागद फाडला नाही.

टिंकूच्या आजोबांना तू ओळखतेस. बकाराम दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली आठ बैलांशी. परवा जेवताना म्हणाले, "तो कागद कायले ठेवून राहिली?"

मी म्हटलं, "विचार करून राहिली."

"तुले पोरगी पायजे का पोरीच्या मायेले रडवाचं आहे?"

"मले पोरगी पायजे."

"मंग ते येईन तं मायेसाठी रडन. तुले चालन काय?"

एवढं बोलून त्यांनी भात मागितला. मी वाढला, माझं ताट तसंच ठेवून उठले, आणि फळीवरचा कागद काढला. फाडणार होते, पण मग सरपंचाचं डोकं चाललं. फाडला तर लीलाधर दुसरा छापून आणेल आणि मी आजारी आहे म्हणून कोर्टात सांगेल. त्यापेक्षा सही नसलेला तोच कागद घेऊन मी तारखेला येते. लीलाधरला सांगितलंय की येते. तो खूष आहे, त्याला वाटतंय मी त्याच्यासाठी येतेय. मी त्याला खोटं काहीच सांगितलं नाही, त्याने विचारलंच नाही.

तू वकिलाचे पैसे वाया घालवू नकोस. रात्रपाळीची लाज वाटू देऊ नकोस. आणि मी आत गेले की बाहेर बसून माझ्याबद्दल काय वाटेल ते बोल, पण उठून जाऊ नकोस.

पुष्पाबाई


९ ऑक्टोबर, गुरुवार

रुचिका,

कोर्टात त्यांनी आधी लीलाधरला आणि मला आत बोलावलं, तुला नंतर, म्हणून माझ्या वेळी आत काय झालं ते तुला माहीत नाही. वकिलाने तुला जे सांगितलं असेल ते त्याच्या भाषेत. माझ्या भाषेत असं.

जज मॅडम वयाने तुझ्याएवढ्याच आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. लीलाधर शेजारी बसला होता, नवीन शर्ट घालून. मॅडमनी अर्ज उघडला आणि म्हणाल्या, "आजी, यात लिहिलंय की तुम्ही नातीला सांभाळायला तयार आहात."

मी म्हटलं, "तयार आहो. पण मागून नाई राहिली."

लीलाधरने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, समजलं नाही, नीट सांगा.

मग मी सांगितलं की पोरगी आईजवळ आहे, चांगली आहे, शाळेत जाते, ठरल्या शनिवारी वेणी घालून कोर्टात येते. तिची आबाळ झालेली मी पाहिली नाही. मी पाहिलं ते तिचं बापाची वाट पाहणं. माझ्या प्रतिज्ञापत्रावर सही नाही, हा घ्या कागद. मॅडमनी तो उलटून पाहिला. मग त्यांनी विचारलं की आई रात्री घरी नसते याबद्दल तुमचं म्हणणं काय.

मी म्हटलं, "मॅडम, मी सरपंच होती तेव्हा रात्री-बेरात्री पंचनाम्याले जात होती. नाल्याले पूर आला, कोणाले साप चावला, का पुष्पाबाई चला. तेव्हा घरी एक लेकरू होतं, ते शेजारच्या वच्छलाजवळ झोपत होतं. ते लेकरू हे बसलं आहे. याची आबाळ झाली असं याने आजवर कोणाले सांगितलं नाई. तुमीच विचारा याले."

मॅडमनी विचारलंच. लीलाधरने मान खाली घातली. म्हणाला, "नाई झाली." रुचिका, त्याने हे म्हटलं तेव्हा मला त्याचा राग आला नाही, मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी खुर्चीतून उठले नाही. त्या वेळी मी त्याच्या बाजूची नव्हते, आणि तुझ्याही बाजूची नव्हते असं समज.

मॅडम स्पष्ट बोलल्या. म्हणाल्या, आजीला भेटीचा हक्क द्यावा असा नेमका नियम माझ्या हातात नाही, पण दोन्ही पालकांनी कबूल केलं तर मी ते ऑर्डरीत लिहू शकते. मी ग्रामसभेचा ठराव पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला. हक्क लेकराचा राहील, या दुर्गेश्वरीच्या ओळीपाशी थांबल्या आणि विचारलं, हे कोणी सुचवलं? मी नाव सांगितलं, बापाचं नाव आणि आडनावही सांगितलं. ते तिला कळवलं तेव्हा ती दिवसभर उगाच अंगण झाडत होती.

मग तुला आत बोलावलं, पुढचं तुझ्यासमोरच झालं. लीलाधरने अर्ज मागे घेतला. पोटगी त्याच्या पगारातून परस्पर जमा होईल, हे त्याने कबूल केलं. कोर्टातले शनिवार बंद. त्याने टिंकूला रायपूरला न नेता गावी किंवा गोंदियाला भेटायचं, आणि तो आला नाही तर टिंकूची इच्छा असेल तेव्हा आजी-आजोबांनी. मॅडमनी तुला विचारलं, तुमची हरकत आहे का? तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. टेबलाकडे पाहून म्हणालीस, "यांना भेटू द्या."

'यांना'. मी त्यावर बसमध्ये बराच विचार केला, आणि मग सोडून दिला. तू मला जे दिलंस ते मोठं होतं, नावाचं काय घेऊन बसायचं.

आणि मंडई. मॅडमनी शेवटी विचारलं, अजून काही? दोन्ही वकील कागद आवरत होते. मी म्हटलं, मंडई लिहा. त्या म्हणाल्या, मंडई म्हणजे? त्या कोल्हापूरकडच्या आहेत. मग तू, मी आणि लीलाधर एकाच वेळी समजावून सांगायला लागलो. दंडार मी सांगितली, नाटक लीलाधरने, आणि पाहुण्यांसाठी चुलीवर बडे कसे तळतात ते तू. मॅडम तिघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. इतक्या दिवसांत आपण तिघं एका गोष्टीवर बोललो, ते तेवढंच.

बाहेर आल्यावर लीलाधर मला म्हणाला, "माय, तू माझी नाई राहिली." मी म्हटलं, तुझीच आहो, म्हणून तर आली. तो म्हणाला मंडईले मी येणार नाई, आणि रायपूरच्या गाडीकडे निघून गेला. त्याच्यासाठी डब्यात बडे आणले होते, ते द्यायचे राहिले. मी ते परत घरी आणले. बकारामने खाल्ले, मला खाववले नाहीत. तो येईल. या वर्षी नाही, पण येईल. मी त्याला वाढवलंय, त्याचा राग किती दिवस टिकतो मला माहीत आहे. तरी रात्री झोप लागत नाही.

पुष्पाबाई


१८ ऑक्टोबर

रुचिका,

हे पत्र छोटं आहे, धानाची कापणी तोंडावर आहे आणि घर सारवायचं आहे.

ऑर्डरीची प्रत आली. मंडईच्या दिवशी सकाळी तू टिंकूला कोहमाऱ्याच्या थांब्यावर आणायचं, मी घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेच परत द्यायचं, असं छापलंय. मंडई हा शब्द बरोबर छापलाय. मी तो गावात सगळ्यांना दाखवला, भैयाजींनी चष्मा लावून वाचला.

टिंकूचा एक जाड स्वेटर पाठव, नाटक पहाटेपर्यंत चालतं. ती झोपली तर बकाराम तिला घोंगडीत गुंडाळून आणतील, पण ती झोपणार नाही.

आता तुझ्याबद्दल. कागदात लिहिलंय की तू तिला कोहमाऱ्याला आणशील. तू तिथूनच परतीची बस धरावी असं कुठे लिहिलेलं नाही, मी दोनदा तपासलं. उतरून काय करणार, ढाब्यावर एकटी चहा पिणार आणि ट्रकवाल्यांच्या गर्दीत गोंदियाच्या गाडीची वाट पाहणार? त्या दिवशी तुला सुट्टी आहे हे टिंकूने मला फोनवर सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस.

मंडईच्या दिवशी गावात आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की तुम्ही कोणाचे कोण. ज्याच्या अंगणात पाय पडला त्याच्याकडे तो जेवतो. तू इथे राहिलीस तेव्हा अनोळखी माणसांना किती ताटं वाढलीस ते आठव. मग तुलाच कोण विचारणार आहे? आणि विचारलं तर मी आहे.

माझ्या घरी तुझ्याने पाऊल टाकवणार नाही, हेही मला समजतं. त्या घरात तुला जे झालं ते झालं, मी त्याला मंडईने पुसायला निघालेली नाही. तुझ्या जुन्या खोलीत यंदा धानाने भरलेले कट्टे ठेवायचे होते, ते मी पडवीत ठेवायला सांगितले, पण तिकडे नको यायचं असेल तर नको येऊस. दुर्गेश्वरीला मी विचारून ठेवलंय. तिच्या अंगणात ये, तिच्या ओसरीवर बस. ती म्हणाली, "येऊ द्या, मी बी एकटीच खाऊन राहिली असती."

दुपारी जेवायच्या वेळी मी टिंकूला घेऊन तिथे येईन. तुझं ताट मात्र माझ्या घरून येईल, ते मी दुसऱ्याला करू देणार नाही. गावातून ताट झाकून नेताना लोक पाहतील. पाहू देत.

पुष्पाबाई